तहानेला विचारून पाणी

एकाच पंधरवड्यात माझं सोडियम १५१ पर्यंत चढलं आणि १२३ पर्यंत उतरलं. नॉर्मल असतं १३५ ते १४५. या दिवसांत माझ्या ताटातलं मीठ कुणी वाढवलं नव्हतं की कमी केलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण बघायला आलेल्या प्रत्येकाने मला पहिला सल्ला मिठाचाच दिला. मामेसासूबाई म्हणाल्या मीठ पूर्ण बंद कर, शेजारच्या काकू म्हणाल्या येता-जाता चिमूटभर जिभेवर ठेव. दोन्ही सल्ले एकाच दुपारी, एकाच सोफ्यावरून. मी दोघींना हो म्हटलं.

मूळ दुखणं असं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिच्या वर हायपोथॅलॅमस, आणि दोघांना जोडणारा एक बारीक देठ. माझ्या त्या देठाला लागून गाठ निघाली. नाव क्रॅनिओफॅरिंजिओमा. कॅन्सर नव्हे, पण डोळ्यांच्या नसा तिथूनच जातात, त्यांच्यावर दाब येत होता. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसचं काम बघते. स्कूटीवरून जाताना बाजूने येणारी रिक्षा अगदी जवळ आल्यावरच दिसायला लागली, तेव्हा चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून गेले आणि एमआरआय घेऊन परत आले.

ऑपरेशन पुण्यात झालं, नाकातून, दुर्बिणीने. त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, मी झोपलेली होते. सर्जननी आधी एवढंच बजावलं होतं, "गाठ देठाला चिकटलीय. सोडवताना देठ दुखावणार. नंतर काही दिवस पाण्याची गडबड होईल." मला ते फार किरकोळ वाटलं. एवढं मोठं ऑपरेशन, त्यात पाण्याचं काय घेऊन बसायचं?

शुद्धीवर आल्यावर पहिली रात्र ठीक गेली. दुसऱ्या दिवशी लघवीची पिशवी भरायला लागली. सिस्टर रिकामी करून जायच्या, तासाभराने बघतात तो परत अर्धी. तासाला चारशे मिली. आणि रंग? रंगच नाही. बिसलेरीची बाटली उलटी टांगल्यासारखं स्वच्छ पाणी. सिस्टरनी एक थेंब यंत्रावर ठेवून घनता बघितली, १.००२. साध्या पाण्याची १.०००. म्हणजे मी पीत होते ते जवळजवळ तसंच खाली उतरत होतं.

त्या तहानेचं वर्णन करणं अवघड आहे. मी सोलापूरची, एप्रिल-मेमध्ये ४३ अंशांत दुपारी एसटीतून उतरून चालत घरी आलेली बाई. ती तहान एक तांब्या पाण्यात भागते. ही तहान भागतच नव्हती. त्यात नाकात पॅकिंग, श्वास सगळा तोंडाने, जीभ लाकडासारखी. आणि साधं पाणी नकोच वाटायचं, बर्फाचंच हवं. मला वाटलं हे माझे नखरे, पण डॉक्टर म्हणाले की या आजारात थंडगार पाण्याची ओढ बऱ्याच जणांना लागते. सकाळी सोडियम १५१ आलं. आमचे हे कुठे बाहेर गेले होते, तेवढ्यात माझा दादा सिस्टरना म्हणाला, "मीठ वाढलंय ना, मग सलाईन कशाला लावता? सलाईन म्हणजे मिठाचंच पाणी ना?" सिस्टर हसल्या. लावलेली बाटली साखरेच्या पाण्याची होती. मीठ वाढलंच नव्हतं, माझ्यातलं पाणी पळालं होतं.

डेस्मोप्रेसिनचं एक इंजेक्शन दिलं आणि दोन तासांत पिशवी थांबली. तोंडाला पहिल्यांदा ओल आली. इतक्या थोड्या औषधाने एवढा फरक मी आयुष्यात दुसरीकडे कुठे बघितलेला नाही.

हे औषध म्हणजे व्हॅसोप्रेसिन नावाच्या हार्मोनची सुधारलेली नक्कल. मूळ हार्मोन नऊ अमिनो आम्लांचं, अगदी चिमुकलं. ते तयार होतं वर हायपोथॅलॅमसमध्ये. तिथल्या पेशींचे लांबच लांब तंतू देठातून खाली पिट्युटरीच्या मागच्या भागात उतरतात आणि आपल्या टोकांशी तो माल साठवून ठेवतात. रक्त किती दाट झालंय हे ओळखणाऱ्या पेशीही तिथेच आसपास असतात, आणि त्या फार तिखट. एक-दोन टक्क्यांचा फरक पडला तरी त्यांना कळतो. मग दोन गोष्टी होतात, एकीकडे तहान लागते, दुसरीकडे साठवलेलं व्हॅसोप्रेसिन रक्तात सुटतं. ते किडनीपर्यंत पोचतं आणि शेवटच्या बारीक नळ्यांमध्ये पाण्याच्या वाटा उघडतं. या वाटांना ॲक्वापोरिन म्हणतात, आणि त्या शोधल्याबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालंय. आपल्या किडन्या दिवसाला साधारण १८० लीटर पाणी गाळतात. त्यातलं बहुतेक आपोआप परत रक्तात जातं, पण शेवटचे काही लीटर परत घ्यायचे की सोडून द्यायचे हे हे हार्मोन ठरवतं. ते नसेल तर वाटा बंद, आणि पाणी सरळ बाहेर.

शरीरात एकूण मीठ किती ठेवायचं त्याचा कारभार वेगळा आहे, तो मुख्यतः किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीतल्या अल्डोस्टेरॉनकडे. रिपोर्टमधला सोडियमचा आकडा मात्र एवढंच सांगतो की लीटरभर रक्तद्रवात सोडियम किती. मीठ तितकंच असलं तरी पाणी कमी-जास्त झालं की तो हलतो. पुढे सोलापूरच्या डॉक्टरांनी सासूबाईंना हे एका वाक्यात समजावलं, "आजी, आमटीत पाणी जास्त झालं तर अळणी लागते, पण मीठ कुणी काढून नेलेलं असतं का?" सासूबाई म्हणाल्या, "मग उकळवायची." डॉक्टर म्हणाले, "तेच करायचंय, पण मंद आचेवर." ही मंद आच काय ते पुढे येईलच.

हळूहळू लघवी आटोक्यात आली. सुट्टी देताना डेस्मोप्रेसिनच्या गोळ्या दिल्या, पण गरज पडली तरच घ्यायच्या. फाईलवर लाल पेनने दोन गोष्टी लिहिल्या होत्या: लघवी आणि पाणी मोजायचं, आणि आठवडा भरत आला की लक्षणं असोत-नसोत सोडियम तपासायचं. गाडीने निघालो. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ, प्रत्येक ठिकाणी मी बाथरूम बघून ठेवलेलं, पण एकदाच थांबावं लागलं. सगळ्यांना कोण आनंद.

घरी आल्यावर लेकीने वही घातली. पेपर संपलेले होते, तिला काम हवंच होतं. डावीकडे आत, उजवीकडे बाहेर. चहा दीडशे, ताक दोनशे, आमटीची वाटी शंभर. बाहेरच्या मापासाठी स्वयंपाकघरातला जुना प्लास्टिकचा जग बाथरूममध्ये गेला तो कायमचा. त्याच्या खुणा पुसट झाल्या होत्या, तिने परमनंट मार्करने परत ओढल्या आणि बाहेरून "आईचा" असं लिहिलं. पाहुणे आले की तो जग लपवायचा ही जबाबदारी ह्यांची.

आणि मग उजवीकडचा रकाना आटायला लागला. अडीच लीटर, दीड लीटर, मग दिवसभरात जेमतेम सहाशे मिली, तीही गडद पिवळी. घरात सगळे खूश. सासूबाईंनी देवाला साखर ठेवली. सिद्धेश्वराला जायचं ठरलं. इतके दिवस पाणी-पाणी करणारी सून आता रात्रभर झोपते, आणखी काय पाहिजे?

मला मात्र मळमळायला लागलं होतं. डोकं दुखायचं, ते ऑपरेशनचं म्हणून सोडून दिलेलं. पाणी पिण्याची सवय तशीच, बाटली उशाशीच होती, आणि बाहेर ऊन रणरणतंय म्हणून जो येईल तो शहाळं घेऊन येतोय. लेकीने वहीत बघितलं, आत तीन लीटर, बाहेर सहाशे. ती ह्यांना म्हणाली, "पप्पा, आईने दूधवाला आला का हे तिसऱ्यांदा विचारलं." सोडियमचा दिवस दुसऱ्या दिवशीचा होता. ह्यांनी लॅबवाल्याला त्याच संध्याकाळी बोलावलं. रिपोर्ट मोबाईलवर आला, १२३.

पुण्याला फोन लावला. पहिला प्रश्न, "गोळी घेतली का?" नव्हती घेतली. दुसरा प्रश्न, "हायड्रोकॉर्टिसोन चुकवली का?" तीही नव्हती. ती कॉर्टिसॉल नावाच्या हार्मोनची भरपाई करणारी गोळी. कॉर्टिसॉल कमी पडलं तरी शरीर पाणी बाहेर टाकत नाही आणि सोडियम उतरतं, म्हणून तो प्रश्न. मग म्हणाले, ताबडतोब तिथेच ॲडमिट व्हा, प्रवास करू नका.

झालं होतं ते असं. देठ दुखावल्यावर ते तंतू आधी बधिर झाले, हार्मोन सुटेना, ती पहिली पायरी. मग आठवड्याच्या आसपास तेच तंतू मरायला लागतात, आणि मरताना टोकांशी साठवलेला सगळा माल रक्तात गळतो. आता कुणी विचारून सोडत नाही, रक्त पातळ असो की दाट, हार्मोन येतच राहतं. किडनी हुकूम पाळते, पाणी धरून ठेवते. वरून आपण पितोय, आणि रक्त पातळ होत जातं. मेंदूच्या पेशींत पाणी शिरून त्या फुगतात, म्हणून डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, आणि फारच उतरलं तर फिट येऊ शकते. तिसरी पायरी, साठा संपला की पुन्हा कोरडं. तिन्ही पायऱ्या सगळ्यांना चढाव्या लागत नाहीत. काहींचं पहिलीवरच भागतं, काहींना फक्त मधलीच लागते. मला तिन्ही लागल्या.

आयसीयूत तीन टक्के मिठाचं सलाईन लावलं, पंपावर, अगदी सावकाश. तोंडाने पाणी चोवीस तासांत आठशे मिली, चहा-दूध-औषधाचा घोट धरून. दर चार-सहा तासांनी रक्त. दादा परत वैतागला, "एवढ्या हळू का? एकदम चढवून टाका ना." त्याला वाटत होतं बिल वाढवायला रेंगाळतायत. खरं कारण ती मंद आच. सोडियम बरेच तास खाली राहिलं की मेंदूच्या पेशी स्वतःला त्याला जुळवून घेतात. मग ते झपाट्याने वर नेलं तर मेंदूच्या आतल्या नसांवरचं आवरण निघून जायची भीती असते, आणि त्यातून बोलणं, गिळणं, हातपाय कायमचे जाऊ शकतात. म्हणून २४ तासांत आठ-दहाच्या वर चढू द्यायचं नाही. माझं पहिल्या दिवशी १२३ वरून १२९ झालं आणि डॉक्टरांचा चेहरा उजळला. आम्हाला वाटलं, एवढ्याने?

आठशे मिलीतले घोट कसे पुरवायचे हे शिकण्यासारखं आहे. गंमत म्हणजे तहान फारशी नव्हती. तोंड कोरडं वाटायचं, पण ती वेगळी गोष्ट, आणि हा फरक मला तेव्हा कळला. तोंडासाठी सिस्टर ओला कापूस ओठांवरून फिरवायच्या.

खरी गडबड दुसऱ्या रात्री झाली. अडीचच्या सुमारास पिशवी फुगायला लागली. पुन्हा तोच बिनरंगी नळ. साठा संपला होता, आणि अडवून ठेवलेलं पाणी आता एकदम बाहेर पडत होतं. म्हणजे सोडियम आपोआप, कुणी काही न करता, धावत वर जाणार. दुपारी "एक घोट जास्त नको" म्हणणारे डॉक्टर पहाटे स्वतः पाण्याचा ग्लास घेऊन उभे, "प्या, प्या." मिठाचं सलाईन बंद केलं आणि डेस्मोप्रेसिनचा छोटा डोस दिला. सासूबाई सकाळी आल्या आणि माझ्या हातात भरलेला ग्लास बघून डॉक्टरांवरच तुटून पडल्या. "काल पाणी मागितलं तर हिला ओरडलात, आज स्वतः पाजायलात होय?"

तेव्हापासून मी तिसऱ्या पायरीवर आहे. व्हॅसोप्रेसिन माझ्यात आता जवळजवळ तयार होत नाही. सकाळी अर्धी गोळी, रात्री एक. ऐकायला सोपं आहे. पण निरोगी माणसात ते हार्मोन मिनिटामिनिटाला कमी-जास्त होतं, आणि गोळी घेतली की सात-आठ तास वाटा उघड्या त्या उघड्याच. त्या काळात जास्त पाणी प्यायले तर ते बाहेर जायला जागा नाही. गोळी नसताना कमी प्यायले तर सोडियम १५० च्या वर. दोन्हीकडे दरी. मधली वाट एकच, तहान. माझी तहान सुदैवाने शाबूत आहे. काहींची तीही गाठीबरोबर जाते, त्यांना रोज वजन करून ठरलेल्या मापाने पाणी प्यावं लागतं, त्यांचे हाल मला आता कल्पनेने कळतात.

तहान लागेल तेवढंच आणि तेवढं नक्की, असा माझा नियम. तो सोलापूरच्या उन्हाळ्यात आणि सोलापूरच्या माणसांत पाळून दाखवा! इथे दारात आलेल्याला आधी पाणी. नाही म्हणालात तर रुसतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला एका संध्याकाळी पाच-सहा घरं, प्रत्येक घरी पन्ह्याचा ग्लास आणि आंबेडाळ. पहिल्या वर्षी मी ग्लास ओठाला लावून लेकीकडे सरकवत गेले, पोरीचं पोट फुगलं. आता सांगून टाकते की मला डॉक्टरांनी पाण्याला बंदी केलीय. ते खरं नाही, पण लोकांना तेच समजतं. "तहान नाही" हे कारण आपल्याकडे कुणी मानत नाही.

आठवड्यातून एकदा, बहुतेक रविवारी, मी रात्रीची गोळी मुद्दाम उशिरा घेते. लघवी मोकळी, पाण्यासारखी बिनरंगी होऊ देते, दोनदा तरी, आणि मगच गोळी. साठलेलं जादा पाणी त्यात निघून जातं. हे डॉक्टरांनी शिकवलेलं, मनाने करायची गोष्ट नव्हे.

नळाला आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं. उजनीत कितीही असो, आमच्या गल्लीत त्याच हिशोबाने. पूर्वी पिण्याचे दोन पिंप भरायचो, आता एक जास्तीचा, त्याला सासूबाई कुणाला हात लावू देत नाहीत. गोळी कधी मिळाली नाहीच तर दिवसाला आठ-नऊ लीटर माझं एकटीचं, एवढा विचार त्यांनी केलाय.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी. या आजाराचं जुनं नाव डायबेटिस इन्सिपिडस. साखरेशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण नुसतं 'डायबेटिस' वाचून लोक पुढचं वाचत नाहीत. मागे तापाने एका नर्सिंग होममध्ये एक रात्र राहिले तर तिथल्या ड्युटी डॉक्टरांनी फाईल बघून शुगर तपासली, ती नॉर्मल आली म्हणून म्हणाले, "मग ही गोळी आज राहू द्या." ह्यांनी राहू दिली नाही. असे घोटाळे जगभर झाले, काही रुग्ण दगावलेही, म्हणून २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या संघटनांनी नाव बदलून 'व्हॅसोप्रेसिनची कमतरता' अशा अर्थाचं केलं. माझ्या पर्समध्ये एक कार्ड असतं, मराठी आणि इंग्रजीत, लॅमिनेट केलेलं: डेस्मोप्रेसिन थांबवू नये, सोडियम तपासावं, आणि ह्यांचा नंबर.

ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. टॉवेलच्या गोडाऊनमध्ये दुपारी भट्टी असते, तिथे जावं लागलं तर घामाने पाणी जातं आणि तहान स्वतःहून वाढते, मग मी जास्त पिते, त्यात काही चूक नाही. तीन महिन्यांनी सोडियम करते, मागचं १३९ होतं. गोळी आमच्या भागातल्या मेडिकलमध्ये नेहमी नसते. दुकानदार मागवून देतो, पण दोन-तीन दिवस लागतात. म्हणून गोळ्यांची स्ट्रिप अर्धी झाली की फोन करते, आणि एक वेगळी स्ट्रिप ऑफिसच्या खणात, बिलबुकांच्या मागे.